खिंड अरुंदच राहिली पाहिजे

(व्यक्ती, मंडळ आणि गाव यांची ओळख मुद्दाम झाकली आहे.)

पार्श्वभूमी

13 जुलै 1660 रोजी घोडखिंडीत काय झालं, हे कोल्हापुरात चौथीतलं पोरगंही सांगेल. सिद्दी जौहरचा पन्हाळ्याला पडलेला चार महिन्यांचा वेढा, आषाढातली पावसाची रात्र, गडावरून निसटलेले महाराज, दुसऱ्या पालखीत बसून मरणाला सामोरा गेलेला शिवा काशीद, पाठलागावर सिद्दी मसूद, आणि खिंडीत पाय रोवून उभे राहिलेले बाजीप्रभू, फुलाजी आणि बांदलांचे मावळे. घोडखिंडीची पावनखिंड झाली ती तेव्हापासून.

या प्रकरणापुरतं त्यातलं एकच लक्षात ठेवायचं. जागा अरुंद आणि अवघड होती, म्हणूनच मूठभर माणसांना मोठी फौज अडवता आली. इथं तट नाही, बुरूज नाही, महादरवाजा नाही. जपायचा ऐवज म्हणाल तर उतार, ओढा, कातळ, झाडी आणि ती अरुंदी. किल्ल्यावर ढासळलेला चिरा परत बसवता येतो. रणभूमीवर तसा चिराच नसतो, त्यामुळे 'संवर्धन करायचं' म्हणजे नेमकं काय, हा प्रश्न पहिल्याच दिवशी पडायला हवा होता. या मंडळाला तो दोन पावसाळ्यांनंतर पडला.

मंडळ कोल्हापुरातल्या एका पेठेतलं. उद्यमनगरातले फिटर, फाउंड्रीतले कामगार, एक निवृत्त मास्तर, बँकेतले दोघे-तिघे आणि कॉलेजची पोरं. दर जुलैत ते पन्हाळा ते पावनखिंड पदभ्रमंती काढतात. गडाच्या राजदिंडी या आडवाटेनं उतरायचं, म्हाळुंगे, मसाई पठार, कुंभारवाडी, खोतवाडी करत करपेवाडीच्या आसपास मुक्काम, दुसऱ्या दिवशी पांढरेपाणी आणि खिंड. अशी मंडळं आता राज्यभरातून येतात. बाराव्या-तेराव्या तारखेच्या आगेमागे वाटेवर हजारोंची रांग असते.

कायद्याच्या बाजूनं पाहिलं तर पन्हाळा केंद्रीय पुरातत्त्व खात्याचा संरक्षित गड आहे. संरक्षित वास्तूपासून 100 मीटरपर्यंत बांधकामाला बंदी आणि त्यापुढे आणखी 200 मीटर नियंत्रण, हा 2010 च्या दुरुस्तीनं थेट कायद्यात आलेला नियम मंडळातल्या जाणत्यांना पाठ होता. जुलै 2025 मध्ये जागतिक वारशाच्या यादीत मराठ्यांचे 12 किल्ले गेले, त्यात पन्हाळाही आहे. खिंड त्या बारांत नाही. खिंडीभोवतीचा डोंगर वनखात्याच्या हद्दीत येतो आणि तिथं 1980 चा वनसंवर्धन कायदा लागतो. गडावरचे नियम वेगळे, वाटेवरचे वेगळे, हा फरक बहुतेकांच्या गावी नव्हता.

अडचण

सुरुवात कचऱ्यापासून झाली. पाण्याच्या बाटल्या आणि गुटख्याच्या पुड्या सगळीकडे असतात तशा इथंही होत्या. पण या वाटेचा खास कचरा म्हणजे वापरून फेकायचे पातळ रेनकोट. मसाई पठारावरचा वारा ते पहिल्या तासातच फाडतो. मग माणूस ते अंगावरून ओढून काढतो आणि करवंदीच्या जाळीवर टाकून पुढं निघतो. पाऊस सरल्यावर त्या वाटेनं गेलात तर जाळ्याजाळ्यांवर निळी-पिवळी चिरगुटं लोंबताना दिसतात. सुटलेली चिरगुटं ओढ्यात जातात आणि ओढा कासारीला मिळतो.

मंडळानं पदभ्रमंतीच्या दिवशीच सफाई करायची असं ठरवलं. पुढचे चालतील, मागचे पोती भरतील. हे चाललं नाही. भिजलेल्या प्लास्टिकचं पोतं अंगापेक्षा जड होतं, पायाखाली शेवाळ, पायात जळवा, आणि मागून येणारी रांग थांबायला तयार नाही. पहिल्याच वर्षी पोतं घेऊन उतरणारा एक पोरगा घसरला आणि घोटा मोडून बसला. त्याला उचलून आणण्यात निम्मे हात गेले. भरलेली पोती वाटेतच राहिली आणि नंतर गव्यांनी की कुत्र्यांनी फाडून पुन्हा डोंगरभर पसरली.

कचऱ्यामागची खरी अडचण मात्र वेगळी होती आणि ती फोटोत येत नाही. खिंडीकडं उतरणाऱ्या वाटेनंच पावसाचं पाणी धावत होतं. चिखल चुकवायला माणसं कडेच्या गवतावरून चालतात. गवत मरतं, कडही चिखल होते, पुढचा माणूस आणखी बाहेरून जातो. अशा एका वाटेच्या तीन वाटा झाल्या होत्या आणि प्रत्येकीला घळ पडत चालली होती. वळणं टाळून सरळ खाली उतरणाऱ्या चोरवाटा वेगळ्याच. मोकळी झालेली माती दर पावसात ओढ्यात उतरत होती. जी जागा अरुंद म्हणून इतिहासात गेली, ती तिला नमस्कार करायला येणाऱ्यांच्या पायांनीच रुंद होत होती.

हे पहिल्यांदा बोलून दाखवलं मंडळातल्या एका वास्तुविशारद ताईंनी. बैठकीत त्यावर कुणी फारसं बोललं नाही. चिखलाचं काय करणार, आषाढ आहे, असा सूर होता.

समोर असलेले पर्याय

दुसऱ्या पावसाळ्यानंतर बैठक बसली तेव्हा टेबलावर चार गोष्टी होत्या.

एक, चाललंय तसं चालू द्यायचं. जुलैत सफाई, वर्तमानपत्रात बातमी. अध्यक्षांचा, म्हणजे सगळ्यांच्या आण्णांचा कल थोडा इकडं होता. पोरं पावसात जेवढ्या हौसेनं येतात तेवढी डिसेंबरात येणार नाहीत, हे त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं.

दोन, शहरातल्या एका उद्योजकांनी देऊ केलेली मदत. रक्कम मोठी होती. त्यातून खिंडीच्या तोंडाशी भव्य कमान, उतारावर सिमेंटच्या पायऱ्या आणि दोन्ही बाजूंना रेलिंग. कमानीवर देणगीदाराचं नाव, एवढीच अट. आराखड्याचं रंगीत चित्र बैठकीत फिरलं आणि पोरांचे डोळे चमकले. देणगीदार गृहस्थ मनानं चांगले होते, हेही सांगायला हवं. त्यांची आई थकलेली, तिला खिंड दाखवायची राहून गेली होती. पायऱ्यांची कल्पना तिथून आली.

तीन, सरकारी पालकत्व योजनेत शिरायचं. राज्य संरक्षित स्मारकांसाठी महाराष्ट्र वैभव योजना आहे. मास्तरांनी कागद वाचले आणि ही जागा त्या चौकटीत बसत नाही असं सांगितलं. विषय तिथंच मिटला.

चार, ताईंनी मांडलेला पर्याय: नवं काही बांधायचं नाही, वाटेवरचं पाणी वळवायचं, चोरवाटा बंद करायच्या आणि कचरा वाटेवर येण्याआधीच अडवायचा. दिसायला यात काहीच नव्हतं. फीत कापायला काही नाही, फोटोला काही नाही.

इथं एक गोष्ट खटकते. या चारही पर्यायांवर रात्री उशिरापर्यंत वाद झाला, पण खिंडीच्या अंगाखालच्या गावातला एकही माणूस त्या खोलीत नव्हता.

निर्णय आणि कारवाई

*देणगी.* कमानीचा निकाल आधी कायद्यानं लावला. वनजमिनीवर असं बांधकाम केंद्राच्या मंजुरीशिवाय होत नाही, हे वनरक्षकानं चहा पिता पिता सांगितलं. आण्णांना यात सुटका दिसली: 'परवानगी नाही' असं कळवून मोकळं व्हावं. ताईंनी हरकत घेतली. परवानगी उद्या मिळाली तर आपण बांधणार का, याचं उत्तर आजच द्या, असं त्या म्हणाल्या. सिमेंटच्या पायऱ्यांवरून चालणाऱ्याला इथं लढाई का झाली ते कळणार नाही, आणि सोपी वाट झाली की गर्दी दुप्पट होईल. मतदान झालं, नकार थोडक्यात जिंकला. कारणांसह पत्र गेलं. माझ्या मते सगळ्या प्रकरणात मंडळाचं सर्वांत धाडसी काम हे पत्र होतं, कारण नियमाच्या आड लपायची सोय असतानाही त्यांनी स्वतःचं मत लिहून दिलं. देणगीदार दुखावले. त्यांच्यासोबत मंडळातली काही मंडळीही गेली.

*गाव.* दसऱ्यानंतर चौघे गावात गेले. सरपंचताईंनी चहा पाजला आणि मग सुनावलं, "तुम्ही वर्साला दोन दिस येतासा. घोषणा देतासा, फोटू काढतासा, जातासा. बाराही म्हयनं आमी हितं हाय. आमास्नी कोन इच्यारलंय?" मास्तर बोलायला गेले तर त्यांनी हातानं थांबवलं. जुलैत गावच्या पाण्याच्या टाकीवर होणारी झुंबड, शेतात बसणारी माणसं, बांध तुडवून गेलेल्या भाताचं नुकसान, सगळं एका दमात बाहेर आलं. मंडळाच्या चारही पर्यायांत यातलं एकही नव्हतं.

त्याच दिवशी गावातले एक म्हातारे, सगळे त्यांना तात्या म्हणतात, पोरांना वाटेवर घेऊन गेले. घळीपाशी उकिडवे बसले आणि काठीनं मातीवर एक तिरकी रेघ ओढली. "पानी चालतंय तिथं मानूस नगं, आन् मानूस चालतोय तिथं पानी नगं. एवढंच हाय बगा." त्यांची रीत अशी. वाटेवर ठरावीक अंतरानं दगडांची ओळ लावायची, ती आडवी नाही, तिरकी. आडवी लावली तर पाणी साचून वरून उडी मारतं आणि खालची माती खोदतं. तिरकी लावली तर कडेला निघून जातं. दगड निम्म्याच्या वर जमिनीत गाडलेला हवा. पाणी जिथं सोडायचं तिथं दाट गवत किंवा कातळ पाहिजे, नाहीतर एक घळ बुजवून दुसरी काढल्यासारखं होतं. दगड उतारावरून उपटायचे नाहीत, वाहून आलेलेच घ्यायचे. आणि दर वैशाखात ओळीमागचा गाळ उपसायचा. ताईंनी हेच कॉलेजात पुस्तकातून शिकलं होतं. तात्या ते आपल्या नाचणीच्या वावरासाठी उभा जन्म करत आले होते.

*परवानगी.* गावच्या संयुक्त वन व्यवस्थापन समितीमार्फत अर्ज केला. वाटेची डागडुजी खात्याचं काम म्हणून, मंडळ हाताखाली. काम हातानं, सिमेंट नाही, यंत्र नाही, झाडाला हात नाही. कागद हलायला हिवाळा गेला. त्या काळात उत्साही पोरांनी 'तण काढायला' कोयते आणले होते. वनरक्षकानं वेळेत अडवलं. रानमोडी आणि घाणेरी काढा म्हणाला, ती बाहेरून आलेली. कारवीला हात लावाल तर खबरदार, ओढ्याचा काठ तिनंच धरलाय.

*मजुरी.* सर्वांत जास्त भांडण यावर झालं. दगडी ओळी लावायचं काम उन्हाळ्यात सलग करायचं होतं आणि शहरातली पोरं फक्त रविवारी येणार. तात्यांच्या ओळखीची गावातली माणसं कामाला तयार होती, पण रोजगारावर. मंडळात एकच कल्लोळ. महाराजांच्या कामाला पैसे मागतात? आपण पदरमोड करून येतो आणि हे हजेरी लावणार? निवृत्त मास्तरांनी तेव्हा विचारलं, की ज्या पोराला महिन्याचा पगार मिळतो त्यानं रविवार दिला आणि ज्याला रोजच्या कामावरच चूल पेटवायची त्यानंही फुकट दिवस दिला, तर दोघांनी सारखं दिलं का? खोली गप्प झाली असं नाही. उलट आवाज आणखी चढले. पण शेवटी ठरलं: पदभ्रमंतीच्या नोंदणी शुल्कातला एक हिस्सा गावच्या मजुरीला, दर गावात चालू असेल तोच, हिशेब चावडीवर. रविवारी पोरांनी गावकऱ्यांच्या हाताखाली दगड वाहायचे. टिकाव-पहार ज्याच्या हातात, शब्द त्याचा.

*रंगाचे बाण.* वाटेवरच्या कातळांवर वेगवेगळ्या गटांनी वर्षानुवर्षं तेलरंगानं बाण आणि नावं काढली आहेत. एका फिटरदादानं तारेचा ब्रश आणला आणि बाजूच्या एका धोंड्यावर नमुना करून बघितला. बाण गेला, पण त्यासोबत दगडावरचं करडं-हिरवं दगडफूलही गेलं आणि तिथं वीतभर पांढरा फटक डाग उरला, बाणापेक्षा लांबून दिसणारा. दादानं ब्रश पिशवीत टाकला. "ह्यो तर नवा बाणच काढला की मी," म्हणाला. जुने बाण तसेच सोडायचे, नवे काढू द्यायचे नाहीत, एवढंच ठरलं.

*कचरा.* वाटेवर वेचण्याऐवजी पन्हाळ्यावरच अडवायचा प्रयत्न झाला. नोंदणी केलेल्या प्रत्येक गटाला एक पोतं आणि त्यावर अनामत. पांढरेपाण्याला भरलेलं पोतं दिलं की अनामत परत. फेकायचे रेनकोट आणायचे नाहीत, जाड रेनकोट किंवा घोंगडं आणा, ही सूचना नोंदणीच्या अर्जावरच छापली. पावसाळ्यातली उरलीसुरली सफाई दसऱ्यानंतर, वाट वाळल्यावर.

काय झालं

दगडी ओळी लावलेल्या टप्प्यावर त्या पावसाळ्यात नवी घळ पडली नाही. तिथं पाणी खरंच कडेला निघत होतं, भर पावसात उभं राहून ते पाहता येत होतं. दोन ठिकाणी ओळ उखडली. ती रविवारच्या उत्साहात, तात्या नसताना लावलेली, दगड पुरेसे न गाडता. चोरवाटांवर करवंदीच्या काट्या टाकून वर दगड ठेवले होते. अर्ध्या टिकल्या. उरलेल्यांवरचे काटे कुणीतरी उचलून बाजूला ठेवले आणि सरळ खाली उतरले.

पोत्यांची योजना लंगडी पडली. आपल्याच गटांनी आणि ओळखीच्या मंडळांनी पोती भरून आणली. नोंदणी न करता गाड्या भरून येणाऱ्यांवर मंडळाचा अधिकारच नव्हता आणि वाटेवर तेच जास्त होते. रेनकोटची चिरगुटं कमी झाली, गेली नाहीत.

गावाशी संबंध मात्र बदलले. पुढच्या वैशाखात गाळ उपसायची आठवण मंडळाला करावी लागली नाही. गावातूनच फोन आला, कधी येताय म्हणून. आणि शहराच्या बाजूनं तोटाही झाला: पदभ्रमंतीचं शुल्क वाढल्यानं आणि कमान नाकारल्यानं काही जुने सभासद दुसऱ्या गटाकडं गेले, आणि त्या गटाच्या जाहिरातीत शुल्क कमी असल्याचं ठळक छापलं होतं.

वेगळं काय करता आलं असतं

गावाला पहिल्या बैठकीला बोलावता आलं असतं. हे उघडच आहे, पण का झालं नाही तेही पाहिलं पाहिजे. मंडळाच्या मनात पावनखिंड हे इतिहासातलं ठिकाण होतं, कुणाच्या तरी शिवाराला लागून असलेलं नव्हतं. शेतांच्या बांधांचं नुकसान पहिल्याच वर्षी कानावर आलं असतं तर पदभ्रमंतीची वाट भाताच्या खाचरांपासून वळवणं हे सर्वांत स्वस्त काम होतं. ते सर्वांत शेवटी झालं.

काम सुरू करण्याआधी ठरावीक जागांवरून, ठरावीक उंचीवरून वाटेचे फोटो काढून ठेवायला हवे होते. दोरी टाकून वाटेची रुंदी मोजायलाही अर्धा दिवस पुरला असता. आता वाट सावरते आहे असं सगळे म्हणतात, पण ते दाखवायला आधीचं काही नाही. जे फोटो आहेत ते सगळे झेंड्यांचे आणि माणसांचे, त्यात जमीन दिसतच नाही.

मजुरीचा वाद आधी संपवून मग परवानगीचा अर्ज करायला हवा होता. कागद आल्यावर वाद सुरू झाला आणि उन्हाळ्यातले कामाचे आठवडे त्यात गेले. वरच्या टप्प्याचं काम म्हणूनच राहिलं.

देणगीदारांच्या बाबतीत मला अजून वाटतं, की त्यांना नकाराच्या पत्राऐवजी आधी तात्यांसोबत वाटेवर न्यायला हवं होतं. थकलेल्या माणसांना खिंड कशी दाखवायची हा त्यांचा प्रश्न खरा होता. मंडळानं पायऱ्या नाकारल्या, प्रश्नाचं उत्तर दिलं नाही. पावसाळ्याबाहेर, गर्दी नसताना, गावातल्या दोन जाणत्या माणसांच्या सोबतीनं वडीलधाऱ्यांना सावकाश नेऊन आणण्याची सोय करता येईल, आणि त्यात गावाला रोजगारही आहे. तसा प्रस्ताव अजून कुणी मांडलेला नाही.

सर्वांत मोठा निर्णय बाकीच आहे: एका दिवशी किती माणसं सोडायची. मंडळाच्या हातात तो नाही, आणि इतर मंडळांना सांगायला जावं तर 'खिंड काय तुमच्या मालकीची?' हे उत्तर ठरलेलं. वनखात्याकडं आता दोन गोष्टी गेल्या आहेत: सगळ्या गटांची एकच नोंदणी पन्हाळ्याच्या पायथ्याला व्हावी आणि तारखा पंधरा दिवसांत वाटून द्याव्यात. सरपंचताईंची मागणी याहून पुढची आहे. माणशी शुल्क गावानं घ्यावं आणि त्यातून आधी शौचालयं व्हावीत. मंडळाचा शुल्काला पाठिंबा आहे, शौचालयं कुठं बांधायची यावर मतभेद आहे, कारण ताईंना ती खिंडीपासून लांब, पांढरेपाण्याच्या रस्त्याकडेला हवीत आणि गावाला आपल्या शिवाराच्या वरच्या अंगाला. विषय ग्रामसभेपुढं आहे.